खंदारे सरांचा शुक्रवार

इंग्रजीच्या पेपराला भिऊन ज्यांनी शाळा सोडली असती अशी कितीतरी पोरं आज कुठल्या ना कुठल्या कचेरीत खुर्चीवर बसलेली आहेत, ती चंद्रभान खंदारे या एका माणसामुळे. झरीहून सायकलवर, पेडगावहून एस.टी.नं पोरं यायची आणि परभणीतल्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत मांडी घालून बसायची. सर भिंतीवर खडूनं एक घर काढायचे. घर, मधे उंबरा, पुढे ओटा. महिना आणि साल म्हणजे घर, माणूस घरात असतो, म्हणून इन. इन जून, इन नाइंटीन सेव्हन्टी. वार आणि तारीख म्हणजे ओटा, ओट्यावर बसतात, म्हणून ऑन. ऑन मंडे, ऑन द टेन्थ ऑफ जून. घड्याळातली वेळ म्हणजे उंबरा, तिथं माणूस क्षणभर थांबतो, म्हणून ॲट. मग मागच्या रांगेतला एखादा शहाणा विचारायचाच, सर, ‘लास्ट मंडे’ला काय लावायचं? सर म्हणायचे, लास्ट आणि नेक्स्ट हे घरचेच पाहुणे, त्यांना काही लावायचं नाही, सरळ आत घ्यायचं. पोरं हसायची, आणि हा धडा त्यांना मरेपर्यंत पाठ राहायचा.

१९८२ नंतर मात्र सरांनी हा धडा शिकवला नाही. पुस्तकात ते पान आलं की म्हणायचे, घरी वाचा.

माणूस असा धडा का सोडतो हे कळायला आधी तो त्यावर इतकं प्रेम का करत होता ते कळायला हवं. चंद्रभानचं गाव पूर्णेकाठचं. नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. गावाबाहेर बौद्धांची वीस-बावीस घरं, त्यातलं एक त्यांचं. त्या वस्तीत घड्याळही नव्हतं आणि कॅलेंडरही. काळ मोजायचा तो ज्वारीवर, पोळ्यावर, अवसेवर आणि शेजारच्या मोठ्या गावच्या आठवडी बाजारावर. चंद्रभान कधी जन्मला म्हणून विचारलं तर आई सांगायची, हुरडा आला होता तेव्हा. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून ठोकून दिली, जी त्यांनी अर्ध्या वर्गाला ठोकली होती. जूनमध्ये कुठला आलाय हुरडा? आपल्याला स्वतःची जन्मतारीख नाही, ही गोष्ट त्या पोराला फार लागली. पुढे इंग्रजीत ‘ऑन’ भेटला तेव्हा त्याला वाटलं, हा आपला माणूस. ह्याला गोलमाल चालत नाही. ह्याच्यापुढे नेमका दिवसच लागतो.

शेजारच्या घरात सटवाजी आणि सगुणाबाई राहायचे. चंद्रभानची आई लवकर गेली, तेव्हापासून भाकरी सगुणाकाकीच्याच तव्यावरची. हा पोरगा इंग्रजी घेऊन बी.ए. झाला आणि परभणीत एका खाजगी शाळेत लागला, तेव्हा काकीनं वस्तीभर साखर वाटली. माझा चंद्रभान साहेबासंगं इंग्रजीत बोलतो, असं ती खुरपणीच्या बायांना सांगत सुटली. त्यानं तोवर एकही साहेब जवळून पाहिलेला नव्हता.

१९७८ च्या जुलैअखेरीस मुंबईत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि इकडे मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. रस्ते अडवले, पूल उखडले. सरांच्या गावी आठवड्याभरानं, दिवेलागणीला, शंभरेक माणूस वस्तीवर चालून आलं. सगळे बाहेर पळाले. सटवाजीही बाहेर आला होता, पण आत शेळी बांधलेली राहिली म्हणून तो परत घुसला आणि वरून पेटलेलं छप्पर आलं. सगुणाबाईनं समोर उभं राहून पाहिलं. टेंभा घेऊन सगळ्यांच्या पुढे कोण होता तेही तिनं पाहिलं. तो भगवानराव होता. वीस वर्षं तिनं त्याच्याच शेतात रोजानं काम केलं होतं, त्याची चालसुद्धा तिला पाठमोरी ओळखू यायची.

माणसं ओढ्यातून, चिखलातून चालत परभणीला आली. एका शाळेच्या वर्गात त्यांना ठेवलं होतं. चंद्रभान धावत गेला तेव्हा काकी बाकाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. गावात अजून पोलीस पोचले नव्हते, ठाण्यात कुणी लिहून घेत नव्हतं. चंद्रभानच्या डोक्यात एकच गोष्ट आली. अर्ज करायचा, सरळ वरच्या साहेबाला, आणि इंग्रजीत. मराठी अर्ज खालच्या टेबलावर कुजतो, इंग्रजीला वजन असतं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. तो मांडीवर पाटी, पाटीवर कागद घेऊन बसला आणि पहिलंच वाक्य अडलं. ‘ऑन’ लिहिलं. पुढे काय?

“काकी, कवा झालं हे? वार कोणता, तारीख कोणती?”

“बाजारादिशी,” ती म्हणाली. “बाजार करून आले, अन् तवा ठिवला.”

तिकडचा बाजार शुक्रवारचा. निजामाच्या वेळेपासून शुक्रवारचा. शिक्षकानं बोटावर हिशेब केला आणि झोकदार अक्षरात लिहिलं, ऑन फ्रायडे, द फोर्थ ऑफ ऑगस्ट, नाइंटीन सेव्हन्टी एट, ॲट सेव्हन ओक्लॉक इन द इव्हनिंग. तिन्ही शब्द एका वाक्यात, तिन्ही जागच्या जागी. खोटं कशाला बोला, त्या दुःखातही ते वाक्य पाहून त्याला क्षणभर बरं वाटलं होतं. पुढच्या आयुष्यात त्यानं स्वतःला ज्या गोष्टीसाठी सगळ्यात जास्त शिव्या दिल्या ती हीच.

अर्ज पोचला. साहेबानं शेरा मारला, त्यावरून गुन्हा दाखल झाला, आणि अर्जातली तारीख फिर्यादीत जशीच्या तशी उतरली. पोलीस गावात गेले तोवर राख पावसानं वाहून गेली होती. सटवाजीला लोकांनी घाईघाईनं पुरलं होतं. म्हणजे कुठला दिवस, ह्याला कागदावर आधार होता तो एकट्या चंद्रभानच्या वाक्याचा.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. तोवर वस्तीतली बाकीची माणसं गळाली. कुणी गाव सोडलं, कुणाला समन्स आल्यावर काहीच आठवेना. त्यांना दोष कुठल्या तोंडानं द्यायचा, त्यांना त्याच शिवारात पोट भरायचं होतं. राहिली एकटी सगुणाबाई. ती आता परभणीतच चंद्रभानच्या खोलीमागे पत्रे ठोकून राहत होती आणि पहाटे पेडगावकडे कापूस वेचायला जात होती. भगवानराव सुटला तर सटवाजी उगाच मेला, हे ती दर चार दिवसांनी म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं.

चंद्रभाननं तिची तयारी घेतली. दोन महिने, रोज संध्याकाळी, जशी दहावीच्या पोरांची घ्यायचा तशीच. तो वकिलासारखा उभा राहायचा आणि विचारायचा, घटना कधी घडली? तिनं म्हणायचं, शुक्रवार, चार ऑगस्ट, सायंकाळी सात. पहिल्या आठवड्यात ती सारखी अडखळायची. बाजारादिशी, म्हणायची. मग एकदा पदराचं टोक चावत म्हणाली, “चंद्रभाना, मला तर बाजार ध्येनात हाय. शुक्करवार वाटत न्हाई रं.”

तो दिवसभर शिकवून दमलेला होता. बाजार म्हणजेच शुक्रवार, तो वैतागून म्हणाला, कोर्टात बाजार-बिजार चालत नाही, तारीख लागते. तिनं पदराचं टोक तोंडातून काढलं. “तू शिकलेला हायस, तू म्हनशील तसं,” म्हणाली, आणि त्यानंतर एकदाही चुकली नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. चंद्रभान शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून मागच्या बाकावर बसला. न्यायाधीश साक्ष इंग्रजीत सांगत होते आणि टंकलेखक बडवत होता. सगुणाबाईनं शपथ घेतली, काय पाहिलं ते न रडता सांगितलं, भगवानरावाकडे बोट केलं. वार-तारीख विचारली तशी घडाघडा सांगितली. ‘ऑन फ्रायडे, द फोर्थ ऑफ ऑगस्ट’ न्यायाधीशांच्या तोंडून ऐकताना चंद्रभानचा ऊर भरून आला.

मग बचावाचे वकील उठले. आवाज चढवणारे नव्हते ते, अगदी घरच्यासारखं बोलायचे. बाई, त्या दिवशी तुम्ही बाजार करून आला होता ना? हो. मग तवा ठेवला? हो. वकिलांनी एक कागद पुढे केला. पंचायतीची दवंडीची नोंद होती. त्या आठवड्यात रस्ते अडवलेले होते म्हणून शुक्रवारचा बाजार भरलाच नाही, दवंडी देऊन तो शनिवारी भरवला. पाच ऑगस्टला. मग दुसरा कागद. शुक्रवारी चार तारखेला भगवानराव दिवसभर आणि रात्रीही परभणीत होते, शांतता समितीच्या बैठकीला, ही त्यांची सही. आणि ती सही खरी होती. टेंभा घ्यायच्या आदल्या दिवशी तो माणूस खरंच शांततेच्या बैठकीला बसला होता.

मागच्या बाकावर चंद्रभाननं पुन्हा बोटावर हिशेब केला. चार वर्षं तो परभणीत बसून होता, बाजार सरकला हे त्याच्या कानावर कधी आलं नव्हतं, आणि त्यानं कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

“तर बाई, शुक्रवार की बाजार?” वकिलांनी विचारलं. “आणि अर्जात शुक्रवार कुणी घातला? लिहिणाऱ्यानं?”

“लिवणाऱ्यानं न्हाई,” सगुणाबाई म्हणाली. “मीच सांगितला शुक्करवार. मी सांगितलं तेच त्यानं लिवलं.”

एवढं बोलून तिनं मान वळवली आणि भरल्या कोर्टात सरळ चंद्रभानकडे पाहिलं. उत्तर न आलेली पोरं परीक्षेत अशीच मास्तराकडे बघतात, असं त्याला वाटलं. उठावं, ओरडून सांगावं की तारीख मी घातली, ती बिचारी बाजारच म्हणत होती. पण तिथं पोलीस होते, शाळेच्या संस्थेतली दोन माणसं होती, घरी बायको कुसुम पोटुशी होती. त्यानं मान खाली घातली आणि चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, साक्षीदार प्रेक्षकांतल्या कुणाकडे तरी पाहते आहे अशी नोंद घ्या.

निकाल इंग्रजीत होता. साक्षीदार पढवलेली दिसते, घटनेचा दिवसच सिद्ध होत नाही, आरोपींना संशयाचा फायदा. बाहेर लिंबाखाली काकीनं विचारलं, साहेब काय म्हणाला? साहेबासंगं इंग्रजी बोलणाऱ्या चंद्रभानला तेवढ्याचं मराठी करताना घाम फुटला. सुटले, एवढंच तो म्हणाला. ती खाली बसली. मग उठून म्हणाली, चल, तुला शाळा असंल.

तारीख मी घातली, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. लिंबाखाली नाही जमलं, मग घरी सांगू म्हणाला, मग पोळ्याला, मग पोरगी झाल्यावर. एकेक दिवस जाईल तसं ते वाक्य जड होत गेलं. त्याऐवजी तो अर्ज लिहीत सुटला. अपील करा म्हणून, फेरतपास करा म्हणून, इकडच्या साहेबाला, तिकडच्या मंत्र्याला. आता अर्जात शनिवार, पाच ऑगस्ट असायचं. उत्तरं यायची की आपणच पूर्वी शुक्रवार म्हटले होते. नाहीतर यायची की मुदत संपली. नाहीतर येतच नसत. सरकारी वकिलांच्या दारात तो सात वेळा गेला. आठव्या वेळी त्यांच्या बायकोनं खिडकीतूनच सांगितलं, साहेब घरी नाहीत. खिडकीतून साहेबांचा खोकला ऐकू येत होता.

माणूस आतून पोखरला गेला. एका वर्षी शाळेत तपासणी होती आणि नेमका तोच धडा आला, टाळता येईना. सरांनी फळ्यावर घर काढलं, ओटा काढला, ‘ऑन फ्रायडे’ लिहिलं आणि खडू तिथंच टेकवून उभे राहिले. पोरं आधी हसली, मग एकमेकांकडे बघायला लागली. फळ्यावरच्या त्या घराला आग लागलेली त्यांना दिसत होती, हे पोरांना कुठून कळणार? कुसुमबाईनं विहारात नाही तर दवाखान्यात तरी चला म्हणून हात जोडले. तो म्हणाला, मला आजार नाही, मला काम आहे. काम म्हणजे आणखी एक अर्ज. आणि रोज सकाळी मागच्या पत्र्याच्या खोलीतून काकी विळा घेऊन बाहेर पडायची आणि विचारायची, जेवलास का? ह्या एका प्रश्नानं त्याचा दिवस नासायचा.

अशी बारा वर्षं गेली. १९९४ च्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं. परभणीतल्या त्यांच्या वस्तीत ढोल वाजले, निळा गुलाल उधळला, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. सरही नाचणाऱ्यांत ओढले गेले, पण पाय काही उचलेनात. चार दिवसांनी वस्तीतली पोरं आली. अठ्ठ्याहत्तर साली गेलेल्यांच्या नावाचा दगड बसवायचा होता, चौदा एप्रिलच्या आत. सर, सटवाजीबाबाच्या नावाखाली वार-तारीख लिहून द्या, तुमच्याइतकं नेमकं कोण लिहिणार? पोरांनी चांगल्या मनानंच म्हटलं होतं.

तो कागद घेऊन सर मागच्या खोलीत गेले. दुपारची वेळ होती. सगुणाबाई दारात बसून सुपात तुरी पाखडत होती. आता तिला नीट दिसत नव्हतं, खडे बोटानं शोधायची. सर तिच्यासमोर मातीत बसले.

“काकी, काकाच्या नावापुढं काय लिवू?”

“लिव की, तुला ठावं हाय ते.”

“न्हाई. तू सांग. तवा मी तुला बोलू दिलं न्हाई. तारीख मी घातली व्हती, काकी. माझ्यामुळं सुटला तो.”

अखेर निघालं तोंडातून. बारा वर्षं लागली. काकीचं सूप थांबलं नाही. ती सावकाश सांगायला लागली. शुक्करवारी मिरच्याचं गाठोडं घेऊन गेले तर बाजारात कुत्रंसुदीक नव्हतं. तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी दवंडी झाली म्हणून पुन्हा गेले, मीठ घेतलं, तुझ्या काकाला तंबाखू घेतली. आले अन् तवा ठेवला. शनवार होता तो.

“म्हंजे तुला ठाऊक व्हतं?” सरांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. “कोर्टात उभी व्हतीस तवा ठाऊक व्हतं?”

“माझा नवरा जळाला, मला वार ठाऊक नसंल?” ती म्हणाली, आणि आता तिनं सूप खाली ठेवलं. “तू शिकवायलास तवा वाटायचं, इंग्रजीत तसंच म्हनत असतील. मंग समन्स घेऊन शिपाई आला. त्याला म्हन्ले, कागदात शुक्करवार हाय, पर झालं ते शनवारी. तर तो म्हन्ला, बाई, आता तोंड उघडू नको. अर्ज खोटा निघाला तर लिवणारा आत जातो, नोकरी जाते. लय इचार केला. सटवाजी तर गेलाच व्हता. वस्तीत शिकलेलं एकच लेकरू व्हतं.”

सरांच्या हातातला कागद मातीत पडला.

“तिथं उभी राहून तुज्याकडं बघितलं ते त्याच्याचसाठी,” ती म्हणाली. “मला भ्या वाटायलं, तू उठून खरं बोलतूस का काय. तू मान खाली घातलीस, तवा कुठं जिवात जीव आला.”

ज्या एका क्षणाची लाज घेऊन हा माणूस बारा वर्षं मरत होता, त्या क्षणाला ती बाई सुटकेचा श्वास टाकत होती. तिच्या नवऱ्याला जाळणारा समोर उभा होता, आणि तिनं त्याला सोडून देऊन चंद्रभानला उचललं होतं. अर्ज, वकिलांची दारं, खिडकीतला खोकला, हे सगळं तिनं मागच्या खोलीतून पाहिलं असणार, आणि तरी ती रोज फक्त जेवलास का विचारत राहिली. सरांनी तिचे पाय धरले आणि लहान पोरासारखे रडले. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिच्या बोटांना तुरीचा भुसा होता, तो त्यांच्या पिकलेल्या केसांना लागला.

मग तिनंच तो कागद त्यांच्या हातात दिला. लिव बाबा, पोरं थांबली असतील, म्हणाली. सरांनी गुडघ्यावर कागद ठेवून मराठीत लिहिलं, आणि तिनं वाचून दाखव म्हटल्यावर वाचलं. सटवाजी, शनिवार, पाच ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, बाजाराचा दिवस, दिवेलागणीला.

काकीनं मान हलवली. सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. काहीतरी तिच्या मनात घोळत होतं. शेवटी ती पुढे वाकली आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं,

“चंद्रभाना, आता शनवार लिवला तर तुला कोन धरणार न्हाई ना?”